काट्यावर न दिसणारं वजन

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ट्रेलरवर माल कसा बांधतात यावर बोलणार असं मी कळवलं, तेव्हा संयोजकांनी अगदी सौम्य शब्दांत विचारलं, की विषय तासभर पुरेल ना. पुरेल. उलट वेळच कमी पडेल. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांचं आयुष्य हमाल-मापाड्यांच्या प्रश्नांत गेलं, तेव्हा ओझं हा या मंचाला परका विषय नाही. ओझं माणसाच्या पाठीवरून उतरतं आणि गाडीवर चढतं, तिथून पुढचा प्रवास आज बघायचा आहे.

आपल्या मालवाहतुकीची सगळी शिस्त वजनकाट्याभोवती उभी आहे. गाडी काट्यावर जाते, पावती निघते, पावतीवरचा आकडा आरसी बुकातल्या आकड्यापेक्षा जास्त भरला की दंड. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली हा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आणि जादा माल उतरवून घेण्याचा खर्च. माल हौद्याच्या बाहेर आला, बाजूनं, पुढं, मागं किंवा उंचीला, तर त्यालाही वेगळे २०,०००. या तरतुदी चांगल्याच आहेत. पण वजन काय आणि आकार काय, दोन्ही गोष्टी उभ्या गाडीवर मोजता येतात. माल गाडीवरून पडतो तो गाडी उभी असताना नव्हे.

चालत्या ट्रेलरला कचकन ब्रेक लागला, की ब्रेक लागतो तो चाकांना. मालाला ब्रेक नसतो. तो ज्या वेगानं चालला होता त्याच वेगानं पुढं जायला बघतो, आणि त्याला धरून ठेवायला किती जोर लागेल हे गणितानं सांगता येतं. युरोपात यासाठी ईएन १२१९५-१ हे मानक आहे. ते सांगतं, की पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागं ०.५ पट जोर धरून बांधणी करा. अमेरिकेच्या संघीय नियमांतही पुढं ०.८ आणि बाजूंना व मागं ०.५ हेच आकडे आहेत. शिवाय खड्ड्यात गाडी आपटली की माल उसळतो, म्हणून तो खाली दाबून धरण्यासाठी वजनाच्या २० टक्के जोर त्यांनी वेगळा मागितला आहे. हे आकडे कागदावर बसून ठरवलेले नाहीत. भरलेला ट्रक जास्तीत जास्त जोरात थांबला तर किती झटका बसतो, उलटायच्या आधी वळणावर किती ताण सोसतो, यावरून ते आले आहेत. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी ८० किलोमीटरनं घातली, तर बाजूचा जोर बरोबर वजनाच्या निम्म्यावर जातो. आपल्या घाटांतली कितीतरी वळणं याहून आवळ आहेत. तिथं ताशी ८० कोणी जात नाही हे खरं. निदान जाऊ नये.

आता २० टनांचा माल घेऊ. ब्रेक लागल्यावर तो १६ टनांच्या जोरानं केबिनच्या दिशेनं निघतो. हौद्याच्या तळाशी त्याचं घर्षण आहे. लाकडी तळावर लोखंड असेल तर ०.३ धरायला हरकत नाही, म्हणजे ६ टन तिथंच अडले. उरले १० टन. ते अडवायचे आहेत पट्ट्यांनी, आणि पट्टे आपण मालावरून आडवे टाकून दोन्ही बाजूंना रॅचेटनं कसतो.

बहुतेक लोक फसतात ते इथं. पट्ट्यावर मोठ्या अक्षरांत पाच टन, दहा टन असं लिहिलेलं असतं. तो आकडा पट्टा सरळ ओढला तर किती सोसेल, किंवा तुटेपर्यंत किती ताणला जाईल, त्याचा. पण वरून टाकलेला पट्टा मालाला ओढत नाही, दाबतो. किती दाबतो? माणसानं हातानं रॅचेट कसल्यावर पट्ट्यात जेवढा ताण येतो तेवढं. युरोपी पट्ट्याच्या निळ्या चिठ्ठीवर हा ताण एसटीएफ या नावानं वेगळा छापलेला असतो, आणि चांगल्या लांब दांड्याच्या रॅचेटला तो साधारण ५०० किलो असतो. साध्या रॅचेटला त्याहून पुष्कळ कमी. दोन्ही बाजू मिळून झाला १,००० किलो दाब. त्याला ०.३ नं गुणा. एका पट्ट्यानं अडवले ३०० किलो. १० टनांसाठी असे ३४ पट्टे लागतील.

३४ पट्टे लावलेला ट्रेलर तुम्ही कधी पाहिला आहे का? मी तरी पाहिलेला नाही.

हेच गणित दुसऱ्या बाजूनं बघा. मालाखाली घर्षण वाढवणारी जाड रबरी चटई घातली, की घर्षण ०.६ धरता येतं. १६ टनांतले १२ टन तळाशीच अडतात. उरतात ४. आणि आता एकेक पट्टाही दुप्पट काम करतो, ३०० ऐवजी ६०० किलो. सात पट्ट्यांत भागतं. किंवा मालाच्या पुढच्या बाजूला केबिनमागची मजबूत भिंत असेल आणि माल तिला भिडलेला असेल, तर पुढच्या जोराची काळजी त्या भिंतीनं वाहायची. माझा हिशोब ढोबळ आहे. मानकात यावर सुरक्षेचे गुणक आहेत, पट्ट्याचा कोन आहे. तो कोनही विसरू नका. पट्टा उभा खाली उतरला तर पूर्ण ताण दाबण्याच्या कामी येतो, ३० अंशांत पसरला तर फक्त निम्मा. म्हणून बुटक्या, रुंद मालावर वरून पट्टे टाकणं ही सर्वांत कमजोर बांधणी आहे, आणि आपल्याकडं सर्वांत जास्त चालते तीही तीच.

पट्ट्यांची संख्या आणि पट्ट्यांचा हिशोब यांत किती अंतर आहे याचं सर्वांत भयंकर उदाहरण रस्त्यावरचं नाही, आकाशातलं आहे. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानात बगरामच्या तळावरून बोइंग ७४७ जातीचं मालवाहू विमान उडालं. आत पाच चिलखती लष्करी वाहनं होती, प्रत्येक १२ ते १८ टनांच्या घरातलं, आणि पट्ट्यांनी जखडलेलं. पट्टे एकेका वाहनाला डझनांनी होते. विमान चढू लागल्यावर मागचं एक वाहन सुटलं, मागं सरकलं आणि त्यानं शेपटीतली नियंत्रणाची यंत्रणा मोडली. सातही कर्मचारी गेले. या अपघाताची एका मोटारीतल्या कॅमेऱ्यानं टिपलेली चित्रफीत जगभर पाहिली गेली. अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डानं तपास केला, तेव्हा मूळ कारण निघालं ते असं, की कंपनीच्या पुस्तिकेत असा माल जखडण्याच्या पद्धतीच अपुऱ्या होत्या. विमान बनवणाऱ्यांच्या पुस्तिकांतल्या महत्त्वाच्या सूचना तिथपर्यंत पोचल्याच नव्हत्या. मला त्यात सर्वांत जास्त खुपतं ते दुसरंच. आधीच्या टप्प्यात एक पट्टा तुटल्याचं आणि माल हलल्याचं कर्मचारी आपसांत बोलले होते. ते कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहे. माल बोलतो तो असाच, पट्टा तोडून. त्यांनी ऐकलंही होतं. पण ऐकल्यावर कोणता आकडा बघायचा हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

जमिनीवर येऊ. रस्त्यावरच्या सगळ्या मालांत मला धास्ती वाटते ती पोलादी कॉइलची. रायगडात डोलवीला, तिकडं तारापूरला आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात हा माल रोजचा आहे. पत्र्याची गुंडाळी, मधे भोक, वजन २० टनांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर. गोल वस्तू गाडीवर ठेवायच्या तीन तऱ्हा. भोक आकाशाकडं, भोक बाजूला किंवा भोक पुढं-मागं. अमेरिकी ड्रायव्हरांनी या तऱ्हांना नावं ठेवली आहेत. भोक बाजूला असेल तर ती आत्महत्येची कॉइल, कारण सुटली तर गडगडत थेट केबिनवर येते. भोक पुढं असेल तर बंदुकीची नळी, कारण ड्रायव्हरच्या पाठीवर नळी रोखल्यासारखी ती दिसते. ती मात्र बाजूला गडगडते, म्हणजे शेजारून जाणाऱ्यावर. कोणाला वाचवायचं हा निर्णय कॉइल ठेवतानाच घेतला जातो, हे त्या विनोदाच्या आत दडलेलं आहे.

अमेरिकेच्या नियमांत कॉइलसाठी स्वतंत्र कलम आहे, ३९३.१२०, आणि ते वाचण्यासारखं आहे. भोक बाजूला असलेल्या कॉइलबद्दल ते सांगतं, की ती लाकडांवर किंवा पाळण्यात अशी बसवा की तळाला टेकणार नाही आणि गडगडणारही नाही. निदान एक साखळी भोकातून पुढच्या बाजूला आणि एक मागच्या बाजूला ओढून बांधा, शक्यतो ४५ अंशांपेक्षा जास्त कोन होऊ देऊ नका. भोकातून साखळ्या तिरक्या काढून वरून फुलीसारख्या दिसतील अशा बांधायला त्यानं चक्क मनाई केली आहे. आणि एक मनाई अशी, की लाकडी ठोकळे किंवा पाचरी जागच्या जागी राहाव्यात म्हणून फक्त खिळे ठोकून भागवायचं नाही. आपल्याकडच्या ट्रेलरच्या तळाकडं बघा. जुन्या खिळ्यांची भोकं दिसतात, नवे खिळे दिसतात, आणि त्यांच्या भरवशावर २० टन चाललेले असतात.

साखळीचा हिशोब त्या नियमांत सोपा ठेवला आहे. सगळ्या साखळ्यांची मिळून कामाची क्षमता, म्हणजे तुटण्याची नव्हे, मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. तीन अष्टमांश इंची, ग्रेड ७० ची साखळी ६,६०० पौंडांची, म्हणजे साधारण ३ टनांची. २० टनांच्या कॉइलला १० टन हवेत, तेव्हा चार साखळ्या. हा झाला किमान हिशोब. जर्मनीत तर कॉइल वाहणाऱ्या ट्रेलरच्या तळालाच लांब खोलगट चर असतो, कॉइल त्यात बसते आणि खिळ्यांचा प्रश्न निम्मा तिथंच संपतो. असे ट्रेलर बनवणं आपल्या कारखान्यांना कठीण नाही. पण मग तो ट्रेलर परतीच्या भाड्याला पोती घेऊन येऊ शकत नाही, आणि भाड्याचं गणित तिथं अडतं. वाहतूकदाराला दोष देण्याआधी हे समजून घ्यायला हवं.

कॉइलनंतर सळई. जालन्याच्या कारखान्यांतून निघणारी सळई साधारणपणे १२ मीटर लांबीची, म्हणजे ४० फुटांना थोडी कमी. ४० फुटी ट्रेलरवर ती बसते. लहान ट्रकवर बसत नाही, मग ती दुमडून इंग्रजी यू अक्षरासारखी करतात किंवा पूर्वी करत तशी मागं लोंबती सोडतात. मीटरभर माल मागं बाहेर काढण्याची मुभा केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१४ पर्यंत होती. त्या वर्षी ती काढून टाकली. तोपर्यंत रात्री लाल फडकं बांधलेल्या सळयांत घुसलेल्या दुचाकी आणि मोटारींची वर्णनं आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो होतो. दिवसा लाल दिसणारं फडकं रात्री काळंच दिसतं, एवढी साधी गोष्ट त्या मुभेत कोणाच्या लक्षात आली नव्हती.

पण सळईचा दुसरा धोका मुभा गेल्यानं गेलेला नाही. सळयांची मोळी बाहेरून तारेनं आवळलेली असते आणि पट्टाही बाहेरच्या सळयांना दाबतो. आतल्या सळया एकमेकींवर असतात, लोखंडावर लोखंड, आणि तिथलं घर्षण फारच कमी. ब्रेक लागला की मोळी जागेवर राहते आणि मधल्या सळया भाल्यासारख्या पुढं निसटतात. केबिनमागं भिंत नसेल तर त्यांच्या वाटेत फक्त ड्रायव्हरची पाठ असते. सळईच्या बाबतीत म्हणूनच पट्ट्यांच्या संख्येवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. पुढं भिंत हवी, आणि माल भिंतीला भिडलेला हवा. धुरांवरचं वजन जुळवायला माल थोडा मागं ठेवावा लागतो हेही मला कळतं. मग मधली मोकळी जागा लाकडांनी भरून काढा.

भिंत, चटई, पाचर, साखळी यांत कोणतीच गोष्ट दुर्मीळ नाही. मग अडतं कुठं? माझ्या मते अडतं ते बांधणाऱ्यात आणि नेणाऱ्यात. माल चढवतात कारखान्याचे किंवा ठेकेदाराचे लोक, क्रेनवाला वरच्यावर ठेवून मोकळा होतो, गेटपास फाटतो आणि ट्रेलर दाराबाहेर पडतो. त्या क्षणापासून सगळं ओझं ड्रायव्हरचं. त्याला कॉइल कुठं ठेवा हे सांगायचा अधिकार नसतो, पण कॉइल पडली तर गुन्हा त्याच्यावर. माथाडी कायदा १९६९ चा आहे. पाठीवरच्या ओझ्याला त्यानं नियम, मंडळ, मजुरी सगळं दिलं. तेच ओझं गाडीवर चढल्यावर कोणाचं, हे मात्र आपण चालत्या गाडीवर सोडून दिलं.

जर्मन व्यापारी कायद्यानं ही वाटणी लेखी केली आहे. त्याच्या ४१२व्या कलमाप्रमाणे माल प्रवासाच्या धक्क्यांत टिकेल, हलणार नाही असा भरणं आणि बांधणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी. भरलेली गाडी रस्त्यावर नीट चालेल, धुरांवर वजन बरोबर बसेल, ही वाहतूकदाराची. म्हणजे कारखान्याच्या दारातच दोन माणसांना एकमेकांकडं बघावं लागतं. शिवाय तिकडचा रस्ते नियम सरळ सांगतो, की अचानक ब्रेक लागला किंवा गाडी एकदम वळवावी लागली तरी माल हलता कामा नये. अचानक ब्रेक ही तिथं सबब ठरत नाही, ती रोजची शक्यता मानली जाते. आपल्या कलम १९४ मध्येही जादा वजनाची गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा, असे सगळे येतात. शब्द आहेत. पण नाक्यावर गाठ पडते ती ड्रायव्हरशी, आणि पावती फाटते तीही त्याच्यासमोर.

युरोपी संघानं मे २०१८ पासून रस्त्यावरच्या तपासणीत बांधणी हा स्वतंत्र विषय केला. तपासनीस पट्ट्याची चिठ्ठी बघतो, फाटलेले धागे बघतो, धारदार कोपऱ्यावर पट्ट्याखाली संरक्षक आहे का ते बघतो. अमेरिकेचे नियम तर पट्ट्याला किंवा साखळीला गाठ असू नये एवढ्या बारकाईत जातात. गाठ मारली की पट्ट्याची ताकद फार घसरते, हे आपल्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला दोरखंडावरून ठाऊक आहे. तरी गाठ सुटत नाही, कारण नवा पट्टा त्याला स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो.

एक नियम मला सगळ्यांत जास्त पटतो. अमेरिकेत ड्रायव्हरनं पहिल्या ५० मैलांच्या आत, म्हणजे ८० किलोमीटरांत, उतरून बांधणी बघायची आणि सैल झाली असेल तर पुन्हा कसायची. त्यानंतर दर तीन तासांनी किंवा १५० मैलांनी. कारण माल पहिल्या काही किलोमीटरांतच बसतो, मोळ्या घट्ट होतात, पॉलिस्टरचा पट्टा ताणतो. हे शहाणपण आपल्याकडं नाही असं म्हणणारे उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडं गेलेले नसतात. मोळी वाढ्यानं बांधतात, थर लावतात, वरून सोल टाकून त्यात दांडकं घालतात आणि पीळ देऊन आवळतात. ऊस बसला आणि सोल ढिली पडली, की गाडीवान वाटेत उतरून पुन्हा पीळ देतो. त्याला कोणी नियम सांगितलेला नाही. पण गाडी उलटली तर बैल त्याचे आणि ऊसही त्याच्याच अंगावर.

आपल्या रस्त्यांना ८० किलोमीटरांचा आकडा मात्र जसाच्या तसा लावू नये. आपल्याकडं अंतरापेक्षा घाट महत्त्वाचा. डोलवीहून पुण्याकडं निघालेल्या गाडीला बोरघाट ८० किलोमीटरांच्या कितीतरी आधी येतो. तिनं खालापूरच्या अलीकडंच थांबून साखळ्या बघायला हव्यात. चढावर माल मागं ओढला जातो, त्यामुळं त्याला पुढं ओढून धरणारी साखळी आधी. जालन्याहून पुण्यामार्गे मुंबईला उतरणाऱ्या सळईच्या गाडीनं उर्से-तळेगावच्या टप्प्यात थांबावं, आणि नाशिकहून येणारीनं घोटी किंवा इगतपुरीला, कसारा उतरण्याआधी. उतारावर सगळा जोर केबिनकडं असतो, म्हणून तिथं आधी समोरची भिंत आणि भिंतीमागची लाकडं तपासायची. यासाठी घाटाच्या डोक्यावर अवजड गाड्यांना दहा मिनिटं सुखानं उभं राहता येईल अशी जागा लागते. दिव्याखाली, रस्त्यापासून बाजूला, आणि जिथं उभं राहिलं म्हणून कोणी पैसे मागणार नाही अशी. कारखान्याच्या गेटपासवर वजन, बिल क्रमांक आणि ड्रायव्हरच्या लायसन्सच्या रकान्यांखाली आणखी तीन रकाने लागतील. माल कशावर ठेवला, कशानं अडवला, किती साखळ्यांनी बांधला. आणि त्याखाली सही ड्रायव्हरची एकट्याची नको, माल चढवणाऱ्याचीही हवी. हा मसुदा मी एका डिस्पॅच विभागाला दाखवला, तेव्हा त्यांचा आक्षेप वेळेचा होता. एका गाडीला वीस मिनिटं जास्त लागतील, दाराबाहेर रांग लागेल. मी त्यांना एवढंच विचारलं, की ती रांग आत्ता कुठं लागते. त्यांनी मसुदा ठेवून घेतला आहे, उत्तर अजून यायचं आहे.